कप्तान खिडकीतून आला

पोर्ट सईदच्या फेरीच्या धक्क्यावर दोन पोस्टरं शेजारी-शेजारी चिकटवलेली होती. एकावर ‘फिजिक्सचा भूकंप’ म्हणवणारा शिकवणीचा मास्तर दात काढून हसत होता. दुसऱ्यावर मिस्टर बयूमी. डोक्यावर कप्तानाची टोपी, हातात जहाजाचं सुकाणू, आणि खाली ठसठशीत अक्षरांत: ‘कॅल्क्युलसचा कप्तान. बुडायचं असेल तर दुसरीकडे जा.’ बयूमी येता-जाता इकडेतिकडे बघायचा आणि भूकंपाला पेनाने एक मिशी काढून द्यायचा. दुसऱ्या दिवशी कप्तानाच्या टोपीवर कुणीतरी सीगल बसवलेला असायचा, तोही शेपटीखालच्या सगळ्या तपशिलासकट. दोघं समोरासमोर भेटले की मात्र गालाला गाल लावून गळाभेट घ्यायचे आणि पेनं खिशात खोल ढकलायचे.

मे महिना. दुसऱ्या सत्राची परीक्षा तोंडावर आलेली, वर खमासीन वारा सुटलेला. गावभर वाळू, दाताखाली वाळू, चहातसुद्धा वाळू. मासे तळणाऱ्या दुकानाच्या वर मादाम इन्शिराहचं शिकवणी सेंटर होतं, तिथल्या खिडक्या घट्ट बंद. आत पोरं-पोरी खचाखच बसलेली, एका अंगाला मुली, दुसऱ्या अंगाला मुलगे, आणि खालून तळलेल्या बोईचा वास असा यायचा की गणित सोडवता सोडवता लाळ गळावी.

बयूमीचा वर्ग गाजायचा तो त्याच्या एंट्रीमुळे. इतर मास्तर गाणी लावून यायचे, एक जण तर धूर सोडून यायचा. बयूमी यायचा काठी टेकत, धापा टाकत. दारातून आत पाऊल टाकलं की अंग पुढे झुकवून, फळ्यासमोरून एकेक पाऊल असं उचलायचा, की जणू सिनाईचा डोंगर चढतोय.

“मी काय करतोय रे?”

“चढताय, मिस्टर!” अख्खा वर्ग ओरडायचा.

“मग डेरिव्हेटिव्ह?”

“धन!”

फळ्याच्या मधोमध पोचला की थांबायचा, टोपी काढून घाम पुसायचा, पहिल्या बाकावरच्या कुणाचातरी चहा उचलून एक घोट घ्यायचा. “आणि इथं? माथ्यावर? ना चढ ना उतार?”

“शून्य!”

“शाब्बास. तुमच्या मार्कांसारखं.” मग काठी खाकोटीला मारून पुढची बाजू दुडूदुडू धावत उतरायचा. “आणि आता?”

“ऋण!” आणि कप्तान धाडकन खुर्चीत कोसळायचा. ज्याचा चहा प्यायला, त्याला दुसरा मिळायचा, बयूमीच्या पैशाने. हा डोंगर तो कित्येक वर्षं चढत आला होता. आधी जुन्या हॉलमध्ये, आणि गेल्या हिवाळ्यात मादामने जागा बदलली तेव्हापासून या नव्या हॉलमध्ये. त्याच्या हाताखालून गेलेली पोरं बापे झाली तरी भर बाजारात त्याला गाठून विचारायची, “मिस्टर, माथ्यावर किती?”

परीक्षेआधी बयूमी एक सरावाचा पेपर घ्यायचा, आणि त्यात खोडी करायचा. यंदाची खोडी अशी: सूत्र द्यायचंच नाही. कागदावर नुसता आलेख. आडवा अक्ष, उभा अक्ष, आणि एक डोंगरासारखी वक्र रेघ, माथा बरोबर दोनच्या आकड्यावर. प्रश्न साधा. डेरिव्हेटिव्ह कुठे धन आहे, कुठे ऋण? म्हणजे डोंगर कुठे चढतो, कुठे उतरतो? दोनच्या डावीकडे चढ, उजवीकडे उतार. शेंबड्या पोरालाही यावं.

बयूमी पेपर तपासायला बसला, शेजारी उम्मल-खलूलच्या खारवलेल्या शिंपल्या आणि लिंबू. पहिला पेपर उलटा. दोनच्या उजवीकडे चढ, डावीकडे उतार. तो खो-खो हसला. दुसराही उलटा. तो अजून हसला. तिसरा रावयाचा होता.

रावया शाझली. पोर्ट फुआदची पोरगी, सुएझ कालव्यापलीकडची. रोज फेरीने यायची, पहिल्या बाकावर बसायची, आणि बयूमीच्या चहा पिण्याला बळी पडायची. असली गणितं सोडवायची की बयूमीलाच कधीकधी वाटायचं, टोपी हिच्या डोक्यावर घालून आपण खाली जाऊन मासे खावेत. सूत्रांचे सगळे प्रश्न बरोबर, सुंदर अक्षरात. आणि आलेखाचा अख्खा प्रश्न उलटा.

बयूमीने शिंपली खाली ठेवली.

* * *

“मी सांगते काय झालंय ते,” मादाम इन्शिराह म्हणाल्या. बाई अंगाने भरदार, आणि भुवया अशा रंगवलेल्या की सदानकदा धक्का बसल्यासारख्या. पण आज त्यांना खरंच धक्का बसला होता. “पहिले सगळे बाक चूक, आणि तेही सारखंच चूक. एकाने चूक केली, बाकीच्यांनी उतरवली. आणि ज्याच्यावरून उतरवावं अशी तिथं एकच आहे. तुमची ती लाडकी.”

“माझी लाडकी नाही, मादाम. तिचा चहा माझा लाडका.”

“हसण्यावारी नेऊ नका, बयूमी! माझ्या सेंटरमध्ये कॉपी होते असं गावात झालं ना, तर पुढच्या वर्षी इथं फक्त मासे येतील. मी तिच्या बापाला फोन केलाय.”

बयूमीचं हसू तिथंच अर्धवट राहिलं. “केलात?”

“केला. गुरुवारी शेवटच्या उजळणीला येणार आहे. आणि तो काय म्हणाला ऐका. म्हणाला, मी आधीच सांगितलं होतं, हे जहाजं बनवण्याचं खूळ आहे. कॉपी करून इंजिनिअर व्हायचं असेल तर पुढच्या वर्षी आर्ट्सला टाकतो, इतिहास पाठ करू दे. परीक्षेच्या आधीच शाळेत अर्ज देतो म्हणाला.”

रावयाचा बाप शाझली, बोटीवरचा तांडेल म्हणून ‘रैस’. रैस शाझलीला अख्खा कालवा ओळखायचा. मोठमोठ्या जहाजांना दोरखंड लावून ओढणारी टगबोट चालवायचा. माणूस चांगला, पण एकदा एका दिशेला वळला की त्याला परत वळवायला दुसरी टगबोट लागायची.

“गुरुवारपर्यंत मला बघू द्या,” बयूमी म्हणाला.

“काय बघणार?”

“कॉपी कशी केली ते. मादाम, मी स्वतः शाळेत असताना बुटाच्या तळव्यावर सूत्रं लिहून दोन वर्षं काढलीत. मोठ्या प्रश्नाला तर मास्तरांच्या पाठीवर कागद चिकटवला होता. कॉपी ओळखायची असेल तर माझ्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही.”

मादामच्या भुवया जरा खाली आल्या. “गुरुवार,” त्या म्हणाल्या. “त्यापुढे नाही.”

बयूमीने कपाळाला हात लावला, पण खरं सांगायचं तर त्याला आतून गुदगुल्या होत होत्या. कोडं होतं हे, आणि कोड्याचा वास बयूमीला तळलेल्या बोईपेक्षा प्यारा.

त्याने सगळे पेपर जमिनीवर पसरले, जो जिथं बसतो तिथं त्याचा पेपर. आता हॉल त्याच्यासमोर कागदाचा होऊन पडला. पुढे सगळे उलटे. मधलेही उलटे. आणि मागे, उजव्या कोपऱ्यात, जिथं तो जाडजूड खांब आहे, त्या खांबामागचे सगळे बरोबर! तिथं कोण बसायचं? तर झिझो आणि त्याची टोळी. वर्गातली नामांकित रत्नं. झिझोने मागच्या सत्रात सीमा काढायला सांगितल्यावर इजिप्तच्या नकाशावर पेन्सिल फिरवली होती.

बयूमीने दुसऱ्या दिवशी झिझोला पायरीवर गाठलं. झिझो सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता, तोंड मशीनसारखं चालू.

“झिझो, माझ्या राजा, आलेखाचा प्रश्न बरोबर कसा आला रे तुझा?”

झिझोचं तोंड थांबलं. “बरोबर आला? आईशप्पथ?” मग एकदम सावध. “मिस्टर, मी कुणाचं बघितलं नाही. खांबामुळे मला कुणी दिसतच नाही.”

“मी दिसतो का?”

“तुम्ही? नाही हो. तुमचा नुसता आवाज येतो, रेडिओसारखा. सगळे हसतात तेव्हा मी पण हसतो.”

“मग शिकलास कसा?”

“पुस्तकात चित्र होतं, त्यावर बाण होता. बाण जिकडे तिकडे गेलो.” झिझोने मूठ पुढे केली. “बिया घ्या ना, मिस्टर.”

बयूमीने बिया घेतल्या आणि विचार करत चघळल्या. ज्यांना कप्तान दिसतो ते बुडतात, ज्यांना दिसत नाही ते तरतात. हे काय गौडबंगाल? त्याने बाकांखाली वाकून बघितलं, भिंतींवर खुणा शोधल्या, पोरींच्या पेन्सिल-पेट्या हुंगल्या. एका पेटीत चॉकलेट निघालं, ते तपासापुरतं खाल्लं. कॉपीची एक खूण मिळेल तर शपथ. आणि एक गोष्ट मेंदूत टोचत राहिली: कॉपी करणारा नेहमी थोडी तरी खाडाखोड करतो, भीत भीत लिहितो. या पोरांनी चुकीचं उत्तर ठासून लिहिलं होतं. छाती पुढे काढून.

* * *

बुधवारी संध्याकाळी शिकवणी संपवून बयूमी फेरीत चढला. पोर्ट फुआदला त्याचा दुसरा वर्ग होता. कठड्यापाशी रावया उभी, सीगलना पावाचे तुकडे उडवत. डोळे लाल. वाळूमुळे नाही, हे बयूमीला कळलं.

“काय गं, माझ्या टोपीवर बसणाऱ्यांना खायला घालतेस?”

ती हसली नाही. “मिस्टर, बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आई म्हणते, खरं सांगून टाक. काय सांगू? मी काही केलंच नाही. आणि मला अजूनही कळलं नाही माझं चुकलं काय. मी ते गणित घरी परत केलं. परत तेच उत्तर आलं.”

“तेच?”

“तेच! तुमचंच चुकलं असेल.”

“माझं?” बयूमीने छातीवर हात ठेवला. “अगं, मी कप्तान आहे. पोस्टरवर लिहिलंय.”

“पोस्टरवर तुमचं पोटही दिसत नाही.”

शेजारी सायकल धरून उभा असलेला मासेवाला फिस्सकन हसला. बयूमीने खिशातून सरावाचा कोरा पेपर काढला, कठड्यावर पसरला, वाऱ्यात फडफडू नये म्हणून वर काठी ठेवली. “हं. मला तुझं उत्तर नको. तू फक्त या डोंगरावरून बोट चालव. तू चढतेयस असं समज. चल.”

रावयाने बोट टेकवलं. कागदाच्या उजव्या टोकाला. आणि डावीकडे निघाली, वर, वर, माथ्यापर्यंत.

बयूमीच्या तोंडातली सूर्यफुलाची बी तशीच राहिली. “थांब. तिकडून का सुरुवात केलीस?”

“मग कुठून करू?” तिने त्याच्याकडे असं बघितलं की जणू तोच ढ. “तुम्ही तिकडूनच येता की, मिस्टर.”

“मी?”

“दारातून! रोज! उजवीकडून येता, चढता, मध्ये माझा चहा पिता, डावीकडे उतरता.”

फेरी मध्येच थांबली. कालव्याच्या दुसऱ्या टोकाला, सुएझ गावाकडे निघालेलं एक अजस्र जहाज समोरून जात होतं, कंटेनरांचे रंगीत डबे चळतीने रचलेले. ते पुढे गेल्याशिवाय फेरी पलीकडे जाणार नव्हती. सगळे प्रवासी नेहमीसारखे आपापल्या गप्पांत. एकटा बयूमी आ वासून उभा होता.

जुन्या हॉलला दार डावीकडे होतं.

जुन्या हॉलमध्ये तो डावीकडून यायचा, डावीकडून चढायचा, जसा आलेख वाचायचा असतो तसा. नव्या हॉलला दार उजवीकडे आहे आणि तो आपला तोच डोंगर, तोच घाम, तोच चहा घेऊन उलटा चढत राहिला. फरक त्याच्या ध्यानात यायला वावच नव्हता. डोंगर आहे तो, कुठूनही या, आधी चढ आणि मग उतार! पोरं ओरडायची ‘धन’, तोही खूश. आणि पोरांना तरी का खटकावं? अरबीतला त्यांचा धडा उजवीकडून सुरू होतो, समीकरण उजवीकडून लिहितात, दुकानाची पाटी उजवीकडून वाचतात. सगळ्या वहीत एकटा आलेखच डावीकडून चालतो, आणि त्यासाठीच तर तो इतकी वर्षं घाम गाळत होता. म्हणजे काखेत कळसा आणि गावभर झडती! पेन्सिल-पेट्यांपर्यंत हुंगून झालं.

आधी त्याचे कान लाल झाले. मग पोट हलायला लागलं. मग तो कठड्याला धरून असा हसला की सीगल उडाले.

“मिस्टर! काय झालं?”

“रावया, पोरी, चोर सापडला! त्याला टोपी आहे, पोट आहे, आणि तो तुझा चहा पितो.” त्याने डोळे पुसले आणि जहाजाकडे काठी केली. “ते जहाज बघ. तुझ्या घराच्या गॅलरीतून कसं जातं?”

“आमच्या गॅलरीतून? उजवीकडून डावीकडे.”

“माझ्या काठावरून?”

तिने डोळे मिटले, मनातल्या मनात कालवा ओलांडला. “डावीकडून उजवीकडे.”

“जहाज एकच ना?”

“एकच. सुएझला चाललंय.” मग तिचे डोळे उघडले आणि मोठे झाले. “म्हणजे मिस्टर, बघणारा कुठं उभा आहे ते आधी ठरवायचं!”

“ठरवून टाकलंय, बाई, आपल्या कितीतरी आधी. आलेख नेहमी माझ्या काठावरून बघायचा. आकडे सुएझकडे वाढतात, आणि सुएझ उजवीकडे.”

“तुमच्या काठाचाच का? आमच्या का नाही?”

“कारण पोर्ट फुआदवाल्यांनी पोस्टर लावलं नाही.”

या वेळी ती हसली. पण लगेच चेहरा पडला. “आणि बाबा? उद्या येणार आहेत. मादाम सगळ्यांसमोर...”

बयूमीने कागदाची घडी घातली. हसू ओठांवर होतं, पण डोळ्यांत काहीतरी शिजत होतं. जे त्याला शाळेपासून ओळखायचे, ते हे बघून सरळ घरी गेले असते.

“तू फक्त ये,” तो म्हणाला. “आणि चहा सांभाळ.”

* * *

शेवटची उजळणी म्हणजे लग्नघर. पोरांनी डफली आणलेली, पोरींनी रव्याचा गोड बसबूसा, फोन वर धरलेले, कप्तानाची एंट्री टिपायला. मादाम इन्शिराह दारापाशी हाताची घडी घालून उभ्या. मागच्या भिंतीशी रैस शाझली, उन्हाने रापलेला, दोरखंडासारखे दंड, मांडीवर टोपी. त्याच्या खिशात आर्ट्सचा अर्ज होता, हे सगळ्या वर्गाला कसं कुणास ठाऊक कळलं होतं. रावया पहिल्या बाकावर, पाठ ताठ, मागे एकदाही न बघता.

वेळ झाली. सगळे दाराकडे बघतायत. कप्तान येईना. डफली थांबली. मादाम जिन्यात डोकावून आल्या.

कप्तान तेव्हा शेजारी दातांच्या डॉक्टरकडे होता. पेशंटच्या रांगेतून “जीव जातोय हो, जीव!” असं गालाला धरून पुढे घुसला होता, खुर्चीला वळसा घालून थेट गॅलरीत. खुर्चीतला माणूस तोंडात मशीन असताना जितकं ओरडता येईल तितकं ओरडला. डॉक्टर म्हणाला, “बयूमी, आता काय?” बयूमी म्हणाला, “गणित आहे, डॉक्टर,” आणि कठड्यावर पाय टाकला.

वर्गात डावीकडच्या बंद खिडकीवर काठी वाजली. ठक, ठक.

झिझोला सकाळी गाठून एवढंच सांगितलं होतं: काठी वाजली की कडी काढ. झिझो खांबामागून उठला, ऐटीत चालत गेला, कडी काढली. खमासीनने खिडकी सताड उघडली, वाळूचा लोट आत आला, बसबूशावर पसरला, पोरी किंचाळल्या. वाळूमागून एक टोपी आली, मग एक काठी, मग पोट. पोट आलं आणि थांबलं.

“ओढा!” कप्तान ओरडला.

कुणी हलेना. सगळ्यांना हे एंट्रीतलंच वाटलं. शेवटी रैस शाझलीच उठला. सवयीचा माणूस. खाकोटीत हात घातले, एक पाय भिंतीला लावला, आणि अडकलेलं जहाज काढावं तसा कप्तान काढून फळ्यासमोर उभा केला.

“रैस, तुमचे उपकार,” बयूमी म्हणाला, कपडे झटकले, काठी टेकली. आणि खिडकीपासून, डावीकडून, अंग पुढे झुकवून चढायला लागला. “मी काय करतोय रे?”

वर्ग गोंधळला. अर्धे म्हणाले “चढताय”, अर्धे म्हणाले “उतरताय”.

“मिस्टर, दार तिकडे आहे!” कुणीतरी ओरडलं.

“होतं! आजपासून दार इकडे. गेले काही महिने मी तुम्हाला उलट्या बाजूने डोंगरावर नेलं, आणि तुम्ही गाढवांसारखे माझ्या मागून आलात. गाढवांचं चुकत नाही. गाढव हाकणाऱ्याचं चुकतं.” तो मधोमध आला, रावयाचा चहा उचलला, घोट घेतला. वाळू चावून गिळली. “आलेख इथून वाचायचा. खिडकीकडून दाराकडे. पोर्ट सईदच्या काठावर उभं राहायचं, सुएझ उजव्या हाताला. कळलं? मग आता सांगा, खिडकीकडून मी चढलो. डेरिव्हेटिव्ह?”

“धन!” आता एका सुरात.

मादामच्या भुवया केसांना टेकल्या होत्या. बयूमीने फळ्यावर एक रेघ काढली. डोंगर नाही, दरी. नंतर एक टेकडी, मग परत एक दरी. नागमोडी, खोडसाळ. “रैस, कुणालाही उठवा. तुम्ही निवडा.”

रैस शाझलीने मुलीकडे बघितलं नाही. खडू उचलला आणि तिच्यापुढे धरला.

रावया उठली. फळ्यापाशी गेली, पण लगेच लिहिलं नाही. क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. मग खिडकीच्या बाजूने सुरुवात केली. उतार, ऋण. दरीचा तळ, शून्य. चढ, धन. माथा, शून्य. परत उतार, परत तळ, परत चढ. एकदाही थांबली नाही. शेवटी खडू ठेवला आणि बोटं पुसली.

“बरोबर?” रैसने बयूमीला विचारलं.

“झिझो, बरोबर?” बयूमीने खांबाला विचारलं.

खांबामागून आवाज आला, “बाणाच्या दिशेने बरोबर आहे, मिस्टर!”

वर्ग हसला. रैस हसला नाही. “म्हणजे कॉपी झाली नव्हती?”

बयूमीने टोपी काढली. सगळ्या गावाने पोस्टरवर पाहिलेली ती टोपी, आणि तिच्याखाली टक्कल, जे पोस्टरवर नव्हतं.

“झाली होती, रैस. पण त्यांनी एकमेकांची नाही केली. माझी केली. अगदी हुबेहूब. तुमच्या पोरीने सगळ्यांत हुबेहूब केली, कारण तीच सगळ्यांत जास्त लक्ष देते. शिक्षाच द्यायची असेल तर मला आर्ट्सला टाका. इतिहास पाठ करतो.”

रैसने खिशातला अर्ज काढला. वर्गात खालच्या कढईतलं तेल चुरचुरलेलं ऐकू येत होतं. त्याने तो कागद उलटसुलट बघितला, बाकावर बशीसारखा ठेवला, आणि बयूमीच्या हातातला वाळूचा चहा त्यावर टेकवला.

“परीक्षा होऊ दे,” तो म्हणाला. “मग बघू.”

मादाम इन्शिराह खिडकी बंद करायला गेल्या, आणि जाता जाता बयूमीला हळूच म्हणाल्या, “डॉक्टरचं बिल तुमच्या नावावर.”

* * *

परीक्षेच्या दिवशी बयूमी फेरीच्या धक्क्यावर उभा होता. म्हणायला भूकंपाला मिशी काढत होता, पण पेन हातात तसंच, आणि नजर शाळेच्या रस्त्याकडे. पोरं यायला लागली. कुणी नाचत, कुणी पाय ओढत. झिझो आला, म्हणाला, “मिस्टर, बाण नव्हता!” आणि पुढे गेला.

मग रावया आली. बाप तिच्यासोबत होता, दोन पावलं मागे.

“आला?” बयूमीने विचारलं. “आलेख?”

“आला. दरी होती, डोंगर नव्हता. सूत्र दिलंच नव्हतं.”

“मग?”

“आधी बोट उजवीकडेच गेलं.” तिने ते बोट बघितलं. “सवय. मग मी मनातल्या मनात फेरीत बसले. जहाज जाऊ दिलं. तुमच्या काठावर उतरले, मागे वळून बघितलं, सुएझ उजवीकडे आलं. मग लिहिलं.”

“आणि झिझो म्हणतो बाण नव्हता?”

“बाण होता, कागदावरच. तो पुढच्याच्या पाठीकडे बघत बसला असेल.”

बयूमी हसायला लागला, पण रैस शाझलीने हात वर केला, तसा थांबला. रैसने मुलीकडे बघितलं, मग कालव्याकडे. एक टगबोट मोकळीच चालली होती, त्याच्या सोबत्याची. त्याने तिला हात केला. तिने भोंगा दिला, लांब.

“मिस्टर,” रैस म्हणाला, “ही विचारते, टगबोटीच्या इंजिनखोलीत एकदा उतरू देशील का. बायका उतरत नाहीत तिथं. पण जहाज बनवायचं म्हटलं तर बघायला नको?”

“नक्कीच बघायला हवं.”

“मग शनिवारी नेतो.” तो फेरीकडे वळला, आणि पुन्हा मागे. “तुम्ही पण या. पण दारातून या, मिस्टर. बोटीच्या खिडक्या लहान असतात.”

फेरी सुटली. रावयाने कठड्यावरून हात हलवला. बयूमीने पेनाचं टोपण काढलं, भूकंपाला मिशी काढली, आणि मग जरा विचार करून स्वतःच्या पोस्टरकडे वळला. कप्तानाच्या पोटावर एक छोटासा बाण काढला. डावीकडून उजवीकडे.